इस्त्रीवाल्याची तहान

माझा निळ्या रेघांचा शर्ट जळाला. पाठीवर, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, इस्त्रीच्या तळाचा तपकिरी ठसा उमटला होता. तो इतका रेखीव होता, की कोणी मुद्दाम छापून घ्यायचे ठरवले असते तरी तसा साधला नसता. शर्ट हातात घेऊन मी जिना उतरलो तो नुकसानभरपाईसाठी नव्हे. या जगात नुकसान कोणी भरून देत नाही, हे मी अभिलेख कार्यालयातल्या नोकरीत पुरेसे शिकलो आहे. कायद्याची पदवी असूनही मला तिथे वरिष्ठ लिपिकाच्या खुर्चीवरून कोणी हलवलेले नाही. पण जाब विचारण्याचा अधिकार माणसाने सोडू नये, या मताचा मी आहे.

"हे काय आहे?" मी शर्ट टेबलावर पसरला.

इस्त्रीवाल्याने मान वाकडी करून पाहिले. "इस्त्री आहे, साहेब."

"ती मलाही दिसते. माझ्या शर्टावर का आहे, ते विचारतोय."

"हात सुटला."

"हात नाही सुटला," कोपऱ्यात स्टुलावर बसून गठ्ठे बांधणारी त्याची बायको म्हणाली. "खोटं कशाला बोलता? चक्कर आली यांना. उभे होते ते मट्कन खाली बसले, आणि इस्त्री राहिली तिथेच."

"अगं, तू साहेबांना कशाला सांगतेस? ते लिहून काढतील सगळं."

"लिहू देत. रविवारी नाहीतरी उचलायचंच आहे हे टेबल."

हे मला नवीन होते. मी शर्टाची घडी घातली.

हा जो इस्त्रीवाला, त्याला सगळे 'कडक' म्हणत. ते अर्थातच त्याचे नाव नव्हे. कपडे घेताना तो प्रत्येकाला एकच प्रश्न विचारी, "कडक ना?", आणि उत्तराची वाट न पाहता गठ्ठ्याला गाठ मारी. इमारतीतल्या कोणीतरी त्यावरून त्याला हे नाव ठेवले, आणि ते त्याला मापाच्या कॉलरसारखे बसले. स्वभावाने मात्र तो अगदी मऊ. बायकोच्या शब्दाबाहेर जाण्याची त्याची छाती नव्हती, आणि मुलीच्या शब्दाबाहेर जाण्याची इच्छा नव्हती. तो साठीकडे झुकलेला, ठेंगणा, पोटाने सपाट. त्याच्या डोक्यावरचे केस विरळ झाले होते. पण भुवया अशा दाट, की कोळशाची राख त्यांच्यात अडकून राही आणि दुपारपर्यंत तो एकदम दहा वर्षांनी म्हातारा दिसू लागे.

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली जी तिरकी जागा उरते, तिथे त्याचे दुकान. उंच माणसाला आत ताठ उभे राहता येत नाही. मागची भिंत शेजारच्या बेकरीच्या भट्टीची. थंडीच्या दिवसांतही तिच्यावर हात ठेववत नाही. त्या भिंतीलगत, पेटत्या निखाऱ्यांची इस्त्री हातात घेऊन हा माणूस सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उभा असे. मुलीने विजेची इस्त्री आणून दिली होती. ती खोक्यासकट फळीवर बसून होती.

"चांगली आहे ना ती?" मी एकदा विचारले होते.

"चांगलीच आहे. पण हलकी. कापडाला कळतच नाही कोणी आलंय म्हणून."

तो हे काम आपल्या मामाकडे शिकला. मामाची धोब्याची मोठी खोली होती, आणि मामा विक्षिप्त होता. त्याने भाच्याच्या हातात पहिले वर्षभर इस्त्री दिलीच नाही. नुसते पाणी फवारायला शिकवले. किटलीच्या चोचीतून धार तोंडात घ्यायची, गाल फुगवायचे, ओठ मिटत आणायचे आणि असे फुंकायचे, की पाणी थेंब होऊन नव्हे तर धुके होऊन कापडावर उतरावे. थेंब पडला की डाग पडतो. धुके पडले की कापड निमूटपणे सरळ होते. कडकचा फवारा मी पूर्वी पाहिलेला आहे. शर्टाच्या छातीवर तो असा पसरे, की क्षणभर तिथे पहाट झाल्यासारखे वाटे.

हे दृश्य कितीही मनोहर असले तरी त्याचा अर्थ एवढाच होता, की दुसऱ्याच्या तोंडातले पाणी अंगावर घालून आम्ही कामाला जात होतो. त्याविरुद्ध रहिवाशांच्या वतीने जो अर्ज गेला त्याचा मसुदा माझा होता, आणि त्यातले एकही वाक्य आजही मी बदलणार नाही. आरोग्य खात्याचा निरीक्षक आला, ताकीद देऊन गेला. दुसऱ्याच दिवशी कडकने दांडी दाबून फवारा मारायची एक हिरवी बाटली विकत आणली आणि ती सगळ्यांना दिसेल अशी दर्शनी खिळ्याला टांगली. त्याच आठवड्यात त्याने टेबल फिरवले. आधी तो रस्त्याकडे तोंड करून उभा राही. आता आम्हांला त्याची पाठ दिसू लागली. तो रुसला असे लोक म्हणाले. मीही तसेच समजलो, आणि रुसायचा हक्क त्याला आहे असे म्हणून विषय मिटवला.

"रविवारी टेबल कशासाठी उचलायचं?" मी विचारले.

कडक निखारे फुंकत राहिला. बोलली ती बायकोच.

"पोरीने बजावून ठेवलंय, भाऊ. मागच्या महिन्यात पहिल्यांदा हे पडले. तेव्हाच ती म्हणाली, आणखी एकदा असं झालं तर दुकान बंद, बाबा आमच्याकडे राहतील. काल झालंच. उद्या हातात निखाऱ्यांची इस्त्री आणि तोंड खाली, असं झालं म्हणजे? रविवारी जावई टेम्पो घेऊन येतायत."

"आणि तुम्हांला जायचं आहे?" हे मी कडकला विचारले.

त्याने फुंकणे थांबवले. "पोरगी आठव्या मजल्यावर राहते, साहेब. गॅलरीत एक खुर्ची आहे. मागे गेलो होतो तेव्हा तिच्यात बसलो. सकाळी बसलो, तो संध्याकाळी उठलो. जावईबापू म्हणतात, आराम करा. केला मी आराम. झाला करून."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"नाक्यावरच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं," बायको म्हणाली. "त्यांनी विचारलं, दिवसाला पाणी किती पिता? हे म्हणाले, पाच किटल्या, कधी सहा. बाई पेनच खाली ठेवून बघत बसल्या. म्हणाल्या, अहो, इतकं पाणी? त्यानेच चक्कर येत असेल, रक्तातलं मीठ पातळ होतं. रक्त तपासून या, आणि तोवर पाणी कमी करा."

"तपासलंत?"

"तपासणीवाला सकाळी उघडतो," कडक म्हणाला. "सकाळी माझी गर्दी."

"पण पाणी मी कमी केलं हो यांचं. माझ्या हातात आहे तेवढं तरी. घरी आले की घटाघटा प्यायचे, जेवताना प्यायचे. सगळं बंद. जेवण झाल्यावर एक पेला, तोही अर्धा. तरी काल पडलेच. म्हणजे अजून कमी करायला हवं."

शर्टाचा राग माझ्या तिसऱ्या पायरीपर्यंत टिकला. पुढे एकच प्रश्न मला छळू लागला, आणि तो जेवणाच्या ताटापर्यंत माझ्यासोबत आला. माणसाने दिवसाला पाणी प्यायचे तरी किती?

वाचकांना हा प्रश्न पोरकट वाटेल. मला तो तसा वाटत नाही. माझ्या कार्यालयात दाराशीच एक तक्ता लावलेला आहे: 'रोज आठ ग्लास पाणी, आरोग्याची हमी.' त्या तक्त्याखालचे थंड पाण्याचे यंत्र दोन उन्हाळे बंद आहे. याबद्दल मी लेखी कळवले तेव्हा उत्तर आले, की तक्ता आणि यंत्र या दोन वेगवेगळ्या विभागांच्या बाबी आहेत. ग्लास केवढा, हेही तक्त्यावर लिहिलेले नाही. आठच का, सात का नाहीत, हे मी लावणाऱ्याला विचारले. तो म्हणाला, "वरून आलंय."

दुसऱ्या दिवशी मी चौकशी मनावर घेतली. माझ्या शेजारच्या टेबलावरचा तरुण सहकारी रेघा आखलेली भलीमोठी बाटली बाळगतो. प्रत्येक रेघेपुढे तास लिहिलेला. रेघ चुकली तर तो अस्वस्थ होतो आणि दोन तासांचे पाणी एकदम ढोसतो. मग तासभर त्याची खुर्ची रिकामी. पहारेकरी म्हणाला, "तहान लागली की पितो, नाही लागली की नाही पीत. यात विचारायचं काय, साहेब?" माझ्या थोरल्या बहिणीच्या मते जेवताना पाणी म्हणजे विष, आणि झोपेतून उठल्यावर पाणी म्हणजे औषध. "आणि मधे?" मी विचारले. "मधे तुला कधी काम नसतं का रे?" ताई म्हणाली.

तिघांची तीन उत्तरे, आणि तिघेही धडधाकट. कडक एकटा पाच किटल्या रिचवणारा, आणि तोच कोसळणारा. किटली लहान नव्हती. बेकरीतल्या माणसांचा चहा तिच्यात सहज मावला असता. हे मला पटेना. कागदपत्रांत आयुष्य गेलेल्या माणसाला एक खोड लागते: जे आत आले ते बाहेर कुठे गेले, हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. एवढे पाणी माणसात गेले, तर ते जाते कुठे?

जिन्याखाली संडास नाही. कडक बेकरीच्या मागच्या अंगणातला वापरतो, आणि त्याची किल्ली बेकरीवाल्याच्या गल्ल्याशेजारी टांगलेली असते. संध्याकाळी पाव घेताना मी सहज विषय काढला.

"कडक दिवसातून किती वेळा किल्ली नेतो हो?"

बेकरीवाल्याने पाव बांधता बांधता माझ्याकडे पाहिले. "आता त्याच्यावरही अर्ज करणार काय, तक्रारसाहेब?"

"अर्ज नाही. कुतूहल."

"सकाळी आल्यावर एकदा. नंतर दुकान बंद करताना, तेही कधी कधी. उंट आहे तो. आमची पोरं तासाला पळतात."

"भट्टीपाशी घाम जात असेल त्याचा."

"घाम तर आमच्याही पोरांचा जातो. ती पितात आणि पळतात."

पाव घेऊन मी जिन्यापाशी आलो आणि प्रथमच त्या हिरव्या बाटलीकडे नीट पाहिले. खिळ्याला टांगलेली. अर्धी भरलेली. आत एक मेलेली माशी, पाण्यावर उताणी. शर्टाचा जाब विचारायला गेलो होतो त्या दिवशीही ती माशी मी पाहिली होती, आणि अस्वच्छतेची नोंद म्हणून ध्यानात ठेवली होती. ती तिथेच होती, त्याच उंचीवर. म्हणजे बाटलीतले पाणी टिचभरही हलले नव्हते. आणि फळीवरचे शर्ट मात्र असे, की एकाही बाहीवर सुरकुती नाही.

गुरुवारी दुपारी मी अर्धी रजा टाकली. कडकची बायको घरी गेली होती. मी नेहमीसारखा बाहेर उभा न राहता मान वाकवून, गठ्ठ्यांमधून आत शिरलो आणि टेबलाच्या पलीकडे, त्याच्या समोर जाऊन उभा राहिलो. बेकरीचा पंखा इतक्या जोरात घरघरत होता, की माझी चाहूल त्याला लागली नाही. त्याने किटली उचलली, चोच ओठांपासून वितीवर धरून धार तोंडात घेतली, गाल फुगवले, मान खाली केली, आणि त्याची नजर माझ्यावर पडली.

तसाच थांबला तो. दोन्ही गाल टम्म. डोळे विस्फारलेले. माझ्यासमोर फवारता येईना, आणि तोंड भरलेले असल्याने बोलता येईना.

"कडकराव, पाणी पिताय?"

"हं."

"प्या ना मग. थांबलात का?"

"हं."

"गिळा."

त्याने गिळले. पण ते गिळणे पाहण्यासारखे होते. आधी त्याने डोळे मिटले, मग गळ्यातला कंठमणी वर गेला, तिथेच अडकला, आणि निम्मे पाणी खाली उतरते न उतरते तोच त्याला असा ठसका लागला, की मी त्याच्या पाठीवर थापट्या मारत राहिलो. शेवटी तो स्टुलावर बसला.

"कामात गिळायची सवय नाही, साहेब," तो डोळे पुसत म्हणाला. "मामा म्हणायचा, गिळलंस तर फवारायला काय राहील?"

"म्हणजे पाचही किटल्या कपड्यांत जातात?"

"तुम्ही लिहिणार का हे?"

"ते नंतर बघू. मला सांगा, दिवसभरात तुम्ही पिता कधी?"

"हे काय, पितोच की. सारखं तोंडात पाणी असतं माझ्या. जात असेल थोडं पोटात."

"थोडं म्हणजे किती?"

तो किटलीत डोकावून पाहू लागला. इतकी वर्षे ज्या गोष्टीचा त्याने एकदाही विचार केला नव्हता, ती त्याच्यासमोर टेबलावर पसरली होती, आणि ती उलटीसुलटी करून पाहण्यात तो गुंतला होता.

"तहान लागते का?"

"तोंड ओलं असताना तहान कशी लागेल?" तो म्हणाला. मग स्वतःशीच बोलल्यासारखा: "घरी गेल्यावर लागायची. फार लागायची. म्हणून तर घटाघटा प्यायचो."

आणि तेच पाणी, जे खरोखर घशाखाली उतरत होते तेवढेच, त्याच्या बायकोने डॉक्टरांचा शब्द म्हणून बंद केले होते. माझ्या शर्टावरचा तो सुबक ठसा कुठून आला हे आता स्पष्ट झाले. कडकने बाईंना थाप मारली नव्हती. किटली रिकामी होते, ती तोंडाला लागते, म्हणजे आपण ती पितो, असे तो मनापासून मानत होता. बाईंनीही जे ऐकले त्यावरच सल्ला दिला. दोष कोणावर टाकावा हे मला समजेना, आणि असे माझ्या बाबतीत क्वचितच घडते.

संध्याकाळी मी त्याला आणि त्याच्या बायकोला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. कडकचे म्हणणे होते, की फवाऱ्याचे सांगू नये, दुकानाची बदनामी होईल. त्याची बायको म्हणाली, "दुकान राहिलं तर बदनामी होईल ना?" मग तो चपला शोधू लागला.

बाईंनी सगळे ऐकून घेतले. त्याच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती बराच वेळ तशीच उभी राहिली.

"मी तुम्हांला विचारलं होतं, पाणी किती पिता," त्या म्हणाल्या.

"संपतात ना, बाई, पाच किटल्या," कडक अपराध्यासारखा म्हणाला.

"संपतात! तुम्ही शर्टांना पाजता हो सगळं." बाईंनी कपाळावर हात मारला, मग हसल्या, आणि लगेच गंभीर झाल्या. "चुकलं माझंही. एवढं पाणी पितो म्हणणाऱ्या माणसाचे ओठ असे का, हे मी बघायला हवं होतं."

मी संधी सोडली नाही. "मग नेमकं किती प्यावं? मला आकडा हवा आहे."

"आकडा नाही."

"तक्त्यावर आठ ग्लास लिहिलंय."

"तक्ता भट्टीशेजारी उभा राहतो का? तुम्ही खुर्चीत बसता, हे निखाऱ्यांपाशी. तुम्हांला पुरेल ते यांना पुरणार नाही. यांना लागेल ते तुम्ही प्यायलात तर दिवसभर संडासाच्या वाऱ्या करत बसाल. जेवणातूनही पोटात पाणी जातं. मूत्रपिंडाचा, हृदयाचा आजार असला तर हिशेबच वेगळा. धडधाकट माणसाला बहुतेक वेळा तहान सांगते. लघवी गडद झाली तर कमी पडतंय समजा. आणि उगाच ढोसण्यातही शहाणपण नाही. तेही अंगावर येतं."

"तहान सांगते," मी म्हणालो, "आणि यांची तहान?"

"तीच तर पंचाईत. यांचं तोंड दिवसभर ओलं, मग ती बोलणार कशी? तोंड कोरडं राहू द्या, कडकराव. किटली बंद. आणि तहान बोलायला लागेपर्यंत, एक गठ्ठा झाला की एक ग्लास. गिळून. वहिनी, घरी पाणी मोजू नका. आणि उद्या सकाळी रक्त, काही झालं तरी."

इतकी वर्षे शिकून सवरून 'आकडा नाही' असे उत्तर द्यायचे, याला मी एरवी टाळाटाळ म्हटले असते. पण बाहेर पडताना मला जाणवले, की आठवडाभरात मिळालेल्या सगळ्या उत्तरांत एवढे एकच उत्तर माणूस पाहून दिलेले होते.

शुक्रवारी कडकने दुकान उशिरा उघडून रक्त दिले, आणि शनिवारी बाईंनी कागद पाहून मान हलवली. तो आटलेला होता, बिघडलेला नव्हता. पण ही बातमी ऐकून टेम्पो थांबला नाही. रविवारी सकाळी तो जिन्यापाशी उभा राहिलाच. जावई खाली उतरला: लांब, हसतमुख, खांद्यावर दोरीचे वेटोळे. त्याच्या मागून मुलगी. मी इमारतीच्या दाराच्या चौकटीत उभा होतो. माझा तिथे काही संबंध नव्हता, आणि म्हणूनच मी गेलो होतो.

"बाबा, आवरलंत ना?" मुलगी म्हणाली.

"अगं, कारण सापडलं की. बाईंनी सांगितलंय, पाणी पीत राहिलो की..."

"आईने सांगितलं सगळं फोनवर. कारण सापडलं म्हणजे सवय सुटली का? तोंडात पाणी घेतल्याशिवाय तुमचा हात चालत नाही. लहान होते तेव्हापासून बघतेय मी. आम्ही गेलो की किटली परत तोंडाला."

"नाही लावत."

"बाबा!"

"बाटलीने करतो. हे बघ, साफसुद्धा केली." त्याने हिरवी बाटली उंचावली. माशी गेली होती.

मुलीने नवऱ्याकडे पाहिले. जावई शर्टाची बटणे काढू लागला. "घ्या, बाबा, माझाच करा. होतं का बघू. झालं तर दोरी परत गुंडाळतो."

"जावईबापू, तुम्ही उघडे कुठे उभे राहता? लोक काय म्हणतील?"

"लोक तुमच्यामुळे कडक दिसतात, माझ्यामुळे थोडे उघडे दिसले तर काय बिघडलं?"

कडकने निखारे नीट केले. शर्ट पसरला. बाटली दाबली, आणि तिने शर्टाच्या छातीवर टपोऱ्या थेंबांचा सडा टाकला. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी कोणा माणसाच्या चेहऱ्यावर फक्त बदलीचा आदेश वाचताना पाहिले आहे. पण त्याने इस्त्री फिरवली. बाही झाली. त्याचा डावा हात आपसूक टेबलाच्या कडेकडे गेला, किटली जिथे असते तिथे. बोटे तिच्या कानाला लागली, थबकली, आणि परत आली. मुलगी पाहत होती. दुसरी बाही. पाठ. भट्टीची भिंत रविवारीही तापलेली, कारण पाव रविवारीही लागतात. पुन्हा हात गेला, पुन्हा परत आला. त्याने ओठांवरून जीभ फिरवली.

कॉलरवर आल्यावर तो थांबला. इस्त्री तिच्या लोखंडी बैठकीवर उभी केली आणि टेबलाला धरले.

"बघ आई, बघ!" मुलगी धावली. "आली ना चक्कर? बसा आधी! अहो, धरा यांना!"

"थांब गं," कडक म्हणाला. त्याने हात वर केला होता आणि तो कुठेतरी आत ऐकत असल्यासारखा उभा होता. "चक्कर नाही. चक्कर अशी येत नाही. हे घशात आहे... जीभ टाळ्याला लागतेय." त्याने बायकोकडे पाहिले. "अगं, हे घरी गेल्यावर व्हायचं ना, ते आहे. तहान लागलीय मला."

त्याच्या बायकोने पेला भरून दिला. तो त्याने तोंडाला लावला, आणि आम्ही सगळे, मी, त्या दोघी आणि उघडाबंब जावई, त्याच्या घशाकडे पाहत राहिलो. कंठमणी वर गेला, खाली आला. पुन्हा वर, पुन्हा खाली. पेला रिकामा झाला. त्याने तो उलटा धरून दाखवला. मग त्याने इस्त्री उचलली आणि कॉलर पुरी केली.

जावयाने शर्ट अंगावर चढवला. छातीवर थेंबांचे फिकट डाग राहिले होते. "मस्त," तो म्हणाला. असल्या बाबतीत जावई किती सहज खोटे बोलतात.

मुलीने टेबलावरची किटली उचलली, उरलेले पाणी गटारात ओतले आणि ती टेम्पोत पुढच्या सीटवर ठेवली.

"अगं, मामाची आहे ती!"

"माझ्याकडे राहील. गॅलरीतल्या खुर्चीवर ठेवते," ती म्हणाली. "टेबल राहू दे. पण आई, पुन्हा पडले तर मी टेम्पो विचारून आणणार नाही."

दोरीचे वेटोळे जसे आले तसे परत गेले.

तेव्हापासून कडकने टेबल पुन्हा रस्त्याकडे फिरवले आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्याचे तोंड दिसते. बेकरीवाला सांगतो, की संडासाची किल्ली हल्ली जागेवर नसते. कार्यालयातला तक्ता मात्र अजून तिथेच आहे, यंत्र अजून बंद आहे, आणि ग्लास केवढा याची विचारणा करणाऱ्या माझ्या पत्राला उत्तर आलेले नाही.

कपड्यांचे मात्र पूर्वीसारखे राहिलेले नाही. कालच माझा पांढरा शर्ट आला तो असा, की त्यावर कोणीतरी बसून रडले असावे. मी तो घेऊन जिना उतरलो.

"कडकराव, हे काय आहे?"

"डाग आहेत, साहेब."

"ते मलाही दिसतात. माझ्या शर्टावर का आहेत, ते विचारतोय."

त्याने एक बोट वर करून मला थांबवले. इस्त्री बैठकीवर ठेवली, पेला उचलला आणि अगदी सावकाश, तळापर्यंत पाणी प्यायला. मग बाहीने तोंड पुसले.

"हं," तो म्हणाला. "आता बोला."

मी पहिल्यापासून पुन्हा विचारले.